वाघजाईच्या राईतली चाकोरी

सोम., ३ नोव्हेंबर

भात झोडून झालं, आता मोटारसायकलच्या सरावाला मोकळा. पासलीच्या वरच्या माळापासून खिंडीपर्यंत जाऊन येऊन चार फेऱ्या. टायरात हवा मागं अकरा, पुढं बारा. ओढ्याजवळच्या जांभळाच्या मुळावर पुढचं चाक दोनदा उडालं. डावा खांदा अजून साथ देत नाही.

दुपारी मंदार सरांचा फोन. पुण्यात डोंगरात गाड्या पळवणाऱ्यांचा त्यांचा क्लब आहे. १४ डिसेंबरची रेस आपल्याकडंच, जंगलातनं. दोन फेऱ्या, एक फेरी तीस किलोमीटर. "संतोष, रूट तूच काढ. तिथलं झाड न् झाड तुला पाठ." आणि मग खरी गोष्ट : पहिल्या दोघांना त्यांच्या टीममध्ये जागा. वर्षभर बाहेरच्या राज्यांतल्या रेस, गाडी टीमची.

मी चौतीसचा. वेल्ह्याच्या गॅरेजात दुसऱ्यांची इंजिनं उघडण्यात अकरा वर्षं गेली. माझी गाडीसुद्धा अपघातातली, चेचलेली आणून उभी केलेली. पुढच्या वर्षी मला कोण विचारतंय.

कविताला सांगितलं. ती अंगणवाडीचं रजिस्टर लिहीत होती. वर न बघता म्हणाली, "खांदा बघा आधी."

शुक्र., ७ नोव्हें.

मंदार सर आले, सोबत एक कॅमेरावाला. दिवसभर रूट बघत फिरलो. माळ, कारवीचा पट्टा, ओढा, सगळं पसंत. वाघजाईच्या राईपाशी दोघं थांबले. हिरडे, अंजन, आभाळाला टेकलेले आंबे, आत भर दुपारी संध्याकाळ. कॅमेरावाला म्हणाला, "सर, इथनं गाड्या काढल्या तर काय शॉट येतील!"

म्हणालो, "राईतनं नाही. आत आम्ही वहाणा घालूनपण जात नाही."

"अरे, एक पायवाट तर आहे सरळ."

"आहे. देवीची आहे."

सर हसले, खांद्यावर थाप मारली. रूट राईला वळसा घालून खिंडीतनं. चढ वाईट, दगड सुटे, तीन किलोमीटर जास्त. राईतनं सरळ गेलं तर जेमतेम चारशे मीटर. पण जास्त तर जास्त. सगळ्यांनाच तेवढं.

रवि., १६ नोव्हें.

देवळात गाव बसलं होतं, रेसला परवानगी द्यायची का म्हणून. निम्मे विरोधात. गुरं बुजतील, बांध मोडतील, दारू पिऊन घाण करतील. पानशेतला शनिवार-रविवारी काय चालतं ते सगळ्यांनी बघितलेलं आहे.

शेवटी सगळे तात्यांकडं बघायला लागले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. राईची राखण त्यांच्याकडं, त्यांच्याआधी आज्याकडं. लाकूडतोड्यांच्या दोन टोळ्या त्यांनी एकट्यानं परतवल्यात. ते मला म्हणाले,

"राईत चाक जाणार न्हाई?"

"न्हाई जाणार तात्या."

"कोण म्हणतंय? ते पुन्याचं सायेब का तू?"

"मी म्हणतोय."

"मग जाऊ द्या," म्हणाले. "त्याचा शबूद हाय."

परवानगी मिळाली. घरी येताना छाती फुगलेली. 

शनि., २९ नोव्हें.

खिंडीचा चढ पाच वेळा. दोनदा पडलो. तिसऱ्यांदा एका दमात वर. शेवटचे दोन चढ फुल रेसवर. चेन नवी. ब्रेकचे पॅड उद्या. आज खांद्याची आठवणसुद्धा झाली नाही.

शनि., १३ डिसें.

माळावर तंबू. बेचाळीस गाड्या, आठ-नऊ जण गुजरात, कर्नाटकातले. आपल्या तालुक्यातला मी एकटा. सगळ्यांना रूट फिरवून दाखवला. राईच्या तोंडाशी लाल-पांढरी टेप दुहेरी बांधली. थांबून सगळ्यांना सांगितलं, हितनं डावीकडं, खिंडीकडं. सरळ नाही.

संध्याकाळी एक पुण्याचा मुलगा आला, अर्णव. तेवीस वर्षांचा, इंजिनिअरिंग सोडून हेच करतो. गाडी अशी की बघत राहावं. सरावात पडून क्लचची लिव्हर मोडली होती आणि त्याच्या मेकॅनिकनं जादाची आणलीच नव्हती. रडकुंडीला आलेला. माझ्याकडची एक लिव्हर कानसून बसवून दिली. गुणी मुलगा. मनापासून दादा म्हणतो. माझी गाडी खाली वाकून बघितली आणि म्हणाला, "ही तुम्ही एकट्यानं बांधली? मला साधा प्लगसुद्धा बदलता येत नाही हो."

बोलत बसलो. खिंडीच्या चढाची त्याला धास्ती. मी आपला बोलत सुटलो. म्हणालो, "त्यो वळसा हाय ना, तीन किलोमीटर. राईतनं गेलं तर चारशे मीटर. वरनं परत रूटलाच लागतंय. पण आम्ही तिकडनं जात नाही." का जात नाही तेही सांगितलं. देवी, तिच्यासमोरचे वीरगळ, तात्या, सगळं. तो मान डोलवत ऐकत होता.

उद्या सहाला उठायचं. बूट, गॉगल, पाणी तयार.

रवि., १४ डिसें.

आज अक्षर येत नाही. उद्या लिहितो.

सोम., १५ डिसें.

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. दुसरीकडं कुठं सांगता यायचं नाही.

आठला सुरुवात. पहिल्या फेरीत मी दुसरा, अर्णव पहिला. खिंडीच्या चढावर त्याला गाठला, वर पहिला पोचलो मी. दुसऱ्या फेरीत ओढ्याच्या अलीकडच्या चेकपॉइंटला माझी नोंद पहिली, त्याची वीसेक सेकंदांनी दुसरी. आयुष्यात असा कधी चाललो नव्हतो. गाडी नुसती मनात आणलं की वळत होती. टीम, बाहेरची राज्यं, सगळं डोळ्यांपुढं. आणि ओढ्यात त्याच मुळावर चाक उडालं. मी एकीकडं, गाडी एकीकडं. उठून किक मारेपर्यंत अर्णव शेजारनं गेला. हात वर केला त्यानं, बरा आहेस ना म्हणून. मीही केला. तिथं आम्हा दोघांशिवाय कोणी नाही. मार्शल मागं चेकपॉइंटला आणि पुढचा थेट खिंडीच्या वर.

राईच्या तोंडाशी आलो तर टेप तुटून लोंबत होती. ताजी चाकोरी सरळ आत.

क्षणभर काय वाटलं ते खरं लिहितो. आनंद वाटला. म्हटलं बाद झाला हा, आता जागा माझी. गाडी डावीकडं वळवलीसुद्धा.

मग आवाज कानावर आला. आत गाडी फुल रेसवर किंचाळत होती, एकाच जागेवर. पडलेल्या गाडीचा तो आवाज मला माहीत आहे. कोणी तरी उठून बंद करायला पाहिजे होती आणि करत नव्हतं.

टेपपाशी थांबलो, पाय टेकला. बूट काढायचे डोक्यात आलं. अशा वेळी. आणि गेलो आत, गाडीसकट.

देवीच्या अंगणाच्या खालच्या बाजूला तीन वीरगळ उभे आहेत. होते. मधल्यावर गाडी आपटलेली, दगड मधोमध फुटून खाली. अर्णवचा पाय गाडीखाली. तापलेला सायलेन्सर मांडीला चिकटलेला, वास येत होता. आधी गाडी बंद केली. मग उचलली. त्या वेळी तो ओरडला तसा माणूस ओरडताना मी ऐकला नव्हता. नडगी मोडलेली, बुटाच्या वर पाय भलतीकडंच वळलेला. कारवीच्या दोन काठ्या आणि त्याच्या गाडीत अडकून आलेली टेप घेऊन बांधला.

फोनला रेंज नाही. म्हणालो, वर जाऊन मार्शलला आणतो. त्यानं माझी बाही धरली.

"दादा, मी इकडून आलो ते कुणाला सांगू नका. बाबांना कळलं तर सगळं संपेल. प्लीज. शपथ घ्या."

"बरं," म्हणालो.

"शपथ दादा."

"घेतली. सोड आता."

दुखणाऱ्या माणसाला सोडवायला माणूस काहीही म्हणतो. पण म्हटलं तर खरंच.

गाडीवरनं राईतनंच वर निघालो, तीच जवळची वाट. खिंडीच्या वर मार्शल म्हणून बाळू होता, भोंगवलीचा, आयटीआयला माझ्या शेजारी बसायचा. त्याला घेऊन परत खाली आलो, जागा दाखवली. माणसं आली, झोळीत घालून नेला. बाळू म्हणाला, "आता तू जा, रेस पुरी कर." मी राईच्या तोंडाशी परत गेलो आणि तिथनं खिंडीचा सगळा वळसा घेतला. एक मीटर सोडला नाही. नववा आलो.

मंगळ., १६ डिसें.

मंदार सरांनी पासलीच्या शाळेत बोलावलं. टेबलावर लॅपटॉप. प्रत्येक गाडीला ठिकाण दाखवणारा डबा लावला होता. झाडीत सिग्नल तुटतो, त्यामुळं ठिपके लांब लांब. माझे ठिपके : ओढा, राईचं तोंड, राईच्या आत, खिंडीच्या वर.

"हे काय आहे संतोष?"

"त्याला बघायला गेलो."

"तो आत आहे हे तुला कसं कळलं?"

"आवाज आला."

"अर्णवचं म्हणणं वेगळं आहे. टेप आधीच तुटलेली होती. पुढच्या गाडीची चाकोरी दिसली म्हणून तो तिकडं वळला. त्याला वाटलं रूट बदललाय. चेकपॉइंटला पुढची गाडी कुणाची होती?"

माझी होती.

"त्याचा डबा बघा की."

"पडल्यावर फुटला. ओढ्यानंतर त्यात काही नाही."

मी ओढ्यात पडलो आणि तो पुढं गेला, हे बघणारं कोणी नाही. म्हणालो, मी परत फिरून वळसा घेतला, बाळूला विचारा. सर म्हणाले, विचारलं, तू परत आलास हे तो सांगतो. आधी काय केलंस हे त्याला माहीत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे जंगल तुला पाठ, शॉर्टकट तुलाच माहीत. पुण्याच्या मुलाला काय कळणार तिथली वाट?"

तोंडापर्यंत आलं होतं. त्याला वाट मीच सांगितली म्हणून. गिळलं.

बाद. वर दोन वर्षं बंदी. छत्तीसचा होईन.

बुध., १७ डिसें.

गावात सकाळपासून एकच विषय. वीरगळ फुटला. तो कुणाचा, कुठल्या लढाईतला, कुणालाच माहीत नाही. पण लग्नाची पहिली अक्षत तिथं पडते. क्लबनं गावाला चिठ्ठी पाठवली : "स्थानिक स्पर्धकानं नियम मोडल्यानं हा प्रकार घडला." स्थानिक स्पर्धक एकच आहे.

तात्यांकडं गेलो. अंगणात दोरी वळत बसले होते. म्हणालो, "तात्या, राईत मी गेलतो. पण..."

"पन काय?"

पुढं काय बोलणार.  ते थोडा वेळ थांबले. मग दोरी वळायला लागले. मी तिथं नाहीच असं.

शनि., २० डिसें.

पुण्याला गेलो. सकाळच्या येष्टीनं, मग दोन बसा बदलून. कविताला स्पेअर पार्ट आणायला चाललोय म्हणालो.

मोठं हॉस्पिटल, खाली फुलांचं दुकान. अर्णवच्या पायात सळई घातलीय, मांडीवरच्या भाजल्याला पट्टी. त्याचे वडील खोलीत होते. उंच, शांत माणूस. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही वेळेवर पोचलात. माझ्या मुलाचा पाय तुमच्यामुळं राहिला. चूक सगळ्यांकडून होते हो, जे झालं ते झालं." म्हणजे ते मलाच माफ करत होते. कपाटातनं नवीन हेल्मेट काढून माझ्यापुढं धरलं. घेतलं नाही. म्हणालो, दोन वर्षं लागणार नाही.

ते चहा सांगायला बाहेर गेले. अर्णव भिंतीकडं बघत होता.

"टेप आधीच तुटली होती?" मी विचारलं.

"मी तसं म्हणालो नाही दादा. ऑपरेशनच्या आधी मंदार सरांनी विचारलं, टेप तुटली होती का, पुढं चाकोरी होती का. मी फक्त मान हलवली. मला काही समजत नव्हतं."

"आता समजतंय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांनी माझ्यासाठी घर गहाण ठेवायचं तेवढं बाकी ठेवलंय. मी पहिल्यांदा त्यांना अभिमान वाटेल असं काही... थोडे दिवस द्या. मी सांगतो. मी स्वतः सांगतो."

चहा आला. तिघांनी प्यायला. वडील विचारत होते, तुमच्याकडं भात कसा झाला यंदा. चांगला झाला म्हणालो.

परतीच्या गाडीत उभं राहून आलो. त्याचा राग यावा म्हणून प्रयत्न करत होतो. येत होता, पण पुरा नाही. तो पडलेला असताना माझी बाही धरली ती पकड आठवायची. हेच जास्त चीड आणतं.

मंगळ., २३ डिसें.

कविताला कळलं मी कुठं गेलो होतो ते. पाणवठ्यावर बायका तिच्याशी बोलत नाहीत. ती गेली की घोळका पांगतो. अंगणवाडीत दोन घरांनी पोरं पाठवायची बंद केली. माझ्या गॅरेजात गावातली एक गाडी आली नाही आठ दिवसांत. त्याचं काय नाही, वेल्ह्याची गिऱ्हाइकं आहेत. पण हिनं काय केलं होतं?

जेवताना भांडण. "राईत आधी कोण गेलं?"

मी जेवत राहिलो.

"म्हंजे तुमी न्हाई गेला. गेला आसता तर सरळ व्हय म्हणाला आसता. मला वळखू येतंय. मग बोलत का न्हाई?"

"शब्द दिलाय."

"कुणाला? त्या पुन्याच्या पोराला? आन् तात्यांना दिल्याला? गावाला दिल्याला? तुमचा शबूद तुमाला मोठा. त्यात मी कुठं बसते तेवढं सांगा."

ताट तसंच ठेवून परसात गेलो.

तात्यांना दिलेला शब्द आधी मी मोडला नव्हता. अर्णवनं मोडला. पण वाट त्याला मी सांगितली. बढाई म्हणूनच सांगितली, बघ आमचं जंगल आम्हाला किती माहीत आहे म्हणून. हे कविताला सांगितलं नाही. हे अर्णवच्या शपथेत बसत नाही, तरी नाही सांगितलं.

शनि., २७ डिसें.

बाळू गॅरेजात आला. चेन सैल झालीय म्हणाला, सैल नव्हती. स्टुलावर बसून राहिला. मग म्हणाला, "संत्या, एक इचारू? राग नको मानू. तू आधी शिरलावतास का? लीडमधी व्हतास, माणसाला व्हतं आसं. मी कुणाला सांगणार न्हाई."

आयटीआयची दोन वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस. म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. ठिपकं दिसत्यात."

चेन होती तेवढीच ठेवून नट आवळून दिला.

जाताना त्यानं मोबाईलवर टीमची यादी दाखवली. गुजरातचा एक जण. आणि खाली, दुखापतीमुळं राखून ठेवलेली जागा : अर्णव. फोटोत तो पलंगावर बसलाय, अंगठा वर. खाली लोकांनी वाघ म्हणून लिहिलंय.

दुपारभर एका स्कूटरचं इंजिन उघडून बसलो. काय बिघडलंय ते दिसत होतं, हात चालत नव्हता.

बुध., ३१ डिसें.

गावानं नोटीस लावली. रविवारी, चार जानेवारीला, देवळापुढं ग्रामसभा. विषय दोन. एक, गावच्या हद्दीत पुन्हा गाड्यांची रेस नाही. दोन, राई आणि वीरगळाचं नुकसान, जबाबदार इसमाबद्दल निर्णय. जबाबदार इसम. नोटीस लिहिणारा माझ्याच वर्गातला, त्याला नाव लिहायला जड गेलं असावं.

सकाळी अर्णवचा आवाजातला मेसेज. तीन वेळा ऐकला. "दादा, मला झोप येत नाही. बाबांना सांगायचं धाडस होत नाहीये, खरंच होत नाहीये. तुम्हीच सांगून टाका ना. मी तुमची शपथ सोडवली. कुणी मला विचारलं तर मी नाही म्हणणार नाही."

त्याला वाटतंय त्यानं मला मोकळं केलं.

माझ्या तोंडून आता ते निघालं तर काय होईल? सतरा दिवसांनी, सभेच्या तोंडावर, पाय मोडून पडलेल्या पोरावर ढकलणारा माणूस. मेसेज ऐकवला तर म्हणतील, बिचाऱ्याला दमात घेऊन वदवून घेतलं. मला त्याच्याकडनं परवानगी नको होती. त्यानं बोलायला पाहिजे होतं. ते एवढंसं काम, तेसुद्धा माझ्यावरच टाकलं.

उत्तर लिहिलं : "तू ये रविवारी. पासलीपर्यंत गाडी येते. पुढं मी पाठीवर आणतो."

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

शुक्र., २ जाने.

उत्तर नाही. फोन लावला, वाजून बंद झाला. परत लावला तर वडिलांनी घेतला. "तो पायाच्या व्यायामाला गेलाय. काही निरोप?" नाही म्हणालो, तब्येत विचारायला केला होता. म्हणाले, "तुम्ही फार चांगले आहात हो."

शनि., ३ जाने.

सकाळी गॅरेजात जायला निघालो तर तात्या वाटेत, राईकडच्या बांधावर बसलेले. मला बघून सरकले, शेजारी जागा केली. अठरा दिवसांत पहिल्यांदा.

 खाली खाचरात वालाची हिरवळ आली आहे. मग ते समोर बघतच म्हणाले,

"मोडल्याच्या दुसऱ्याच दिशी म्या राईत गेलतो. माणसांनी तुडवलं व्हतं समदं, देवीफुडं तर कायच दिसंना. पन तोंडाशी दिसत व्हतं. एक चाक टेप तोडून आत गेलंया, दाबून, कुठं थांबलं न्हाई. दुसरं टेपपाशी थांबलंया. हितं पाय टेकलाया त्येनं. मग हळू आत. मागनं आल्याल्या चाकानं आधीच्यावर वळ काढल्यात. तुझ्या टायराचं वळ मला ठावं हाईत, अंगणात रोज बघतो."



"तुमाला म्हाईत व्हतं तात्या? दुसऱ्या दिवसापासनं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई? गाव मला काय काय बोलतंय. कविताला..."

"तू आलतास की माझ्याकडं. 'पन' म्हणालास. म्या थांबलो. तू सांगशील म्हणून रोज थांबलो. त्या दगडाचं मला दुक हाय, पर त्याच्यापायी म्या गप नव्हतो बसलो. तू माझ्याम्होरं गप बसलास, त्येचं लागलं."

एवढे दिवस वाटत होतं, एका तरी माणसाला खरं कळावं, बास. कळलेलंच होतं. आणि तरी त्यानं अठरा दिवस मला तसंच सोडलं होतं. रडावं का त्यांच्या पाया पडावं का चिडावं, काही कळेना. चिडलोच जास्त. पण त्यांच्यावर का माझ्यावर, ते कळलं नाही.

तात्यांनी माझ्याकडं तोंड केलं. डोळे पाणावलेले, वयामुळं नेहमीच असतात.

"फुडं कोण व्हता?"

मेसेज खिशातल्या फोनमध्ये होता. एक बटण दाबायचं. शपथ सुटलेली. समोर तात्या, दुसरं कोणी नाही. माझं तोंड उघडलं. आणि नाव आलं नाही. खरंच नाही आलं. माझी बाही धरलेली त्याची मूठ आली, पलंगावर अंगठा वर केलेला फोटो आला, वडिलांचे हात आले. वाट सांगणारा मी आलो. नाव नाही.

तात्यांनी बराच वेळ वाट बघितली. मग काठी टेकून उठले, धोतराची माती झटकली.

"बरं," म्हणाले. "उद्या सभंत इचारीन. समद्यांम्होरं."

आणि राईकडं गेले. तोंडाशी वाकून वहाणा काढल्या, बाजूला नीट लावल्या, आत दिसेनासे झाले.

मी बांधावर बसलो होतो तो ऊन डोक्यावर येईपर्यंत. आज गॅरेज उघडलं नाही.